नाशकात फटाक्यांचा बेकायदा साठा दिसला तर : तक्रार कुठे, कशी आणि कोणत्या कलमाखाली

दसरा जवळ आला की काही बंद गाळ्यांची शटरं रात्री अकरा-बारानंतर उघडायला लागतात. टेम्पो येतो, खोकी उतरतात, शटर परत खाली. वरती दोन-तीन मजले लोक राहतायत, पार्किंगला गाड्या लागलेल्या, शेजारी इस्त्रीवाला दिवसभर प्रेस गरम करून बसलेला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकतं, दोन दिवस चर्चा होते, मग दिवाळी होऊन जाते आणि पुढच्या वर्षी तोच टेम्पो तिथेच येतो. व्हिडिओने हा विषय सुटत नाही, कागदाने सुटतो. परवाना कुणाच्या नावाने आहे, कुठल्या जागेचा आहे, किती किलोचा आहे आणि मुदत कधी संपते, एवढे चार प्रश्न लेखी विचारले आणि त्याची पोच घेतली की समोरच्या साहेबांना फाइल बंद करून टाकता येत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

मुदतीचा प्रश्न का महत्त्वाचा ते डीसावरून कळतं. गुजरातमधल्या डीसा इथे १ एप्रिल २०२५ ला फटाक्यांच्या गोदामात स्फोट होऊन २१ जणं गेली, बरेचसे मध्य प्रदेशातून पोटासाठी आलेले मजूर, त्यांच्यात लहान मुलंसुद्धा होती. त्या गोदामाचा परवाना ३१ डिसेंबर २०२४ लाच संपला होता. म्हणजे तीन महिने तो साठा कागदावर बेकायदाच होता आणि कुणी तरी जाऊन फक्त तारीख बघितली असती तरी कळलं असतं. लांब कशाला जायचं, आपल्या संभाजीनगरला २०१६ च्या दिवाळीत जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा अख्खा फटाका बाजार पेटला, शंभरावर स्टॉल गेले, लावलेल्या गाड्या जळाल्या. आणि पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात डिसेंबर २०२३ मध्ये केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये आग लागून तिथे कामाला असलेल्या बायका होरपळून गेल्या, त्या कारखान्याकडे परवानगीच नव्हती. केकवरची मेणबत्ती म्हणजे काय एवढं असं आपल्याला वाटतं, पण आत दारूच असते.

आधी बेकायदा कशाला म्हणायचं

घरच्या दिवाळीसाठी चार पिशव्या फटाके आणून ठेवणं हा गुन्हा नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या नावाने पोलीस स्टेशनला पळत जाऊ नका. विक्रीसाठी साठवणं, विकणं, बनवणं, बाहेरून आणणं आणि वाहून नेणं याला परवाना लागतो. मुख्य कायदा १८८४ चा स्फोटके कायदा आणि त्याखालचे २००८ चे स्फोटके नियम. बरेच जण तक्रारीत १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा लिहून टाकतात, तो वेगळा आहे, जिवाला किंवा मालमत्तेला धोका करायच्या हेतूने केलेल्या स्फोटासाठी आहे, तो लिहिला की तक्रार उगाच फुगवलेली वाटते आणि वाचणारा पहिल्याच ओळीला कंटाळतो. आपल्या कामाचं म्हणजे १८८४ च्या कायद्याचं कलम ९ब. परवान्याशिवाय बनवलं किंवा आयात केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवान्याशिवाय बाळगलं, विकलं, वाहून नेलं तर २ वर्षांपर्यंत किंवा ३ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचे आकडे आजच्या काळात हास्यास्पद आहेत हे मान्य, पण माल जप्त होतो, परवाना असेल तर कलम ६ई खाली तो निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, आणि धंदेवाल्याला ऐन सीझनमध्ये खरा चटका तिथेच बसतो.

त्याच्या जोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम २८८, स्फोटक पदार्थाबाबत निष्काळजीपणा, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड. शिक्षा कमी दिसते पण हे कलम दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाची परवानगी न घेता गुन्हा नोंदवता येतो, त्यामुळे तक्रारीत ९ब आणि २८८ दोन्ही लिहायची. नाहीतर एनसी म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद घेऊन बोळवण होते.

आता जागेचं बघा, कारण परवाना असला तरी जागा चुकीची असते असं पुष्कळदा होतं. कायमच्या दुकानासाठी नियम ८३ आहे : जागा ९ ते २५ चौरस मीटरच्या दरम्यान, तळमजल्यावर, बेसमेंट किंवा पोटमाळ्यात नाही, वरच्या मजल्यावर लोक राहत असतील तर त्याच्या खाली नाही, जिन्याखाली किंवा लिफ्टजवळ नाही. नाशिकमधल्या कितीतरी बिल्डिंगा डोळ्यासमोर आणा, खाली गाळे वर फ्लॅट, तिथे हा नियम सरळसरळ आडवा येतो. दिवाळीच्या तात्पुरत्या स्टॉलसाठी नियम ८४ : शेड न पेटणाऱ्या सामानाची आणि बंदिस्त, दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर, घर-शाळा-मंदिर असल्या जागांपासून ५० मीटर, स्टॉल एकमेकांच्या तोंडासमोर नाहीत, एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त नाहीत, दिवा किंवा उघडी ज्योत नाही, बल्ब वायरला लोंबकळत ठेवायचा नाही आणि ५० मीटरच्या आत फटाका वाजवून दाखवायचा नाही. मंडपाचं कापड आणि बांबू दिसला की समजून जा. रस्त्यावर, फुटपाथवर मांडून विकायलाही मनाई आहे. दुकानापेक्षा मोठा साठा असेल तर पेसोने, म्हणजे स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, मंजूर केलेलं मॅगझिन म्हणजे स्फोटकांचं खास गोदाम लागतं, तेही वस्तीपासून अंतर सोडून, हाउसिंग सोसायटीच्या गाळ्यात ते होऊच शकत नाही.

१८ वर्षांखालच्या पोराला कामाला ठेवलेलं दिसलं तर तो वेगळा मुद्दा आहे, १०९८ ला फोन करा, तेवढ्यासाठी बाकीच्या तक्रारीची वाट बघू नका.

खोकं वाचायला शिका

ही गोष्ट सगळ्यात सोपी आणि लोक नेमकी हीच करत नाहीत. एक पाकीट हातात घ्या आणि उलटसुलट बघा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का, आत कुठली रसायनं आहेत ते छापलंय का, आवाजाची पातळी लिहिलीये का. कायद्याने एका फटाक्याचा आवाज ४ मीटरवरून १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. ग्रीन फटाका म्हणून विकत असतील तर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचा लोगो आणि क्यूआर कोड असतो, तो कोड मोबाइलवर स्कॅन करून बघा, नुसता हिरवा शिक्का मारलेली खोकी पण बाजारात फिरतात. सुप्रीम कोर्टाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या अर्जुन गोपाल निकालात बेरियम असलेले फटाके आणि माळा म्हणजे लडी यांच्यावर बंदी घातली, ऑनलाइन विक्री बंद केली, दिवाळीला रात्री ८ ते १० एवढाच वेळ दिला. हे फक्त दिल्लीपुरतं आहे असं दुकानदार तोंडावर सांगतात, ते चूक आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये कोर्टाने पुन्हा स्पष्ट केलं की आदेश सगळ्या राज्यांना लागू आहे. दहा हजारांची माळ उघड टांगलेली असेल तर तो फोटो हाच पुरावा.

त्यात आणखी एक, आणि हे तक्रारीत जरूर लिहा : बंदी असलेला माल विकला गेला तर त्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनच्या प्रभारी अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरून कोर्टाचा अवमान मानला जाईल असं त्याच २०१८ च्या निकालात म्हटलंय. धमकीच्या सुरात लिहायचं नाही, नुसता निकालाची तारीख देऊन उल्लेख करायचा.

चायनीज माल वेगळा. परदेशी फटाके आयात करायला परवानाच दिला जात नाही, त्यामुळे खोक्यावर परदेशी अक्षरं असतील तर तो माल चोरट्या मार्गानेच आलेला आहे. त्यात क्लोरेट आणि गंधक एकत्र असण्याची भीती असते, ते मिश्रण नुसत्या घासण्याने पेटतं, आपल्याकडे १९९२ पासून बंद आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीआरआयने म्हणजे तस्करी पकडणाऱ्या केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याने न्हावा शेवाला चीनहून आलेला एक कंटेनर पकडला, कागदावर लेगिंग्ज आणि आत कपड्यांच्या थरामागे ४६,६४० नग फटाके. असा माल दिसला तर लोकल पोलिसांबरोबर डीआरआयला पण कळवा, कारण तिथे कस्टम्स कायदा लागतो आणि तो कायदा ९ब पेक्षा खूप कडक आहे.

पुरावा गोळा करताना

आत शिरायचं नाही. शटर उघडं आहे म्हणून डोकावून फोटो काढायचा नाही, खोकं हलवायचं नाही, आणि मालकाशी वाद घालायला तर जाऊच नका. रस्त्यावरून, आपल्या गॅलरीतून, सोसायटीच्या कॉमन जागेतून जे दिसतं तेवढं पुरेसं आहे. गाडीचा नंबर, वेळ, खोक्यांवरचं नाव, गाळा नंबर, आणि एक फोटो असा की ज्यात वरचे फ्लॅट आणि खालचं शटर एकत्र दिसेल, कारण नियम ८३ चा मुद्दा त्या एका फोटोत सिद्ध होतो. मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच ठेवा, व्हॉट्सअॅपवरून फिरली की फोटो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती उडते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते नंतर देता येतं पण मूळ फोन आणि मूळ फाइल शाबूत पाहिजे.

दुकानातून एक पाकीट विकत घेऊन बिल मागा. बिल मिळालं तर त्यावर नाव, जीएसटी नंबर, पत्ता सगळं आयतं मिळतं, आणि कच्च्या चिठ्ठीवर हिशोब करून दिला तर तो जीएसटी खात्यासाठी वेगळा मुद्दा होतो, फटाक्यांवर १८ टक्के कर आहे.

इन्स्टावर आणि व्हॉट्सअॅपवर होलसेल रेट, घरपोच अशा जाहिराती येतात त्यांचे स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि तारीख दिसेल असे. आणि ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून किंवा रेल्वेच्या डब्यातून पोती चालली असतील तर थांबायचं नाही, रेल्वेसाठी १३९, रस्त्यावर ११२. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ मध्ये धोकादायक माल नेल्याबद्दल ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

अर्ज कुणाला

लगेच धोका असेल, म्हणजे गाळ्यात वेल्डिंग चाललंय किंवा धूर येतोय किंवा कुणी आतच फटाका वाजवून बघतंय, तर १०१ आणि ११२, बाकी सगळं नंतर.

धोका तातडीचा नसेल तर एकच अर्ज चार ठिकाणी द्यायचा. हद्दीचं पोलीस स्टेशन, परवाना देणारं ऑफिस, महापालिकेचा अग्निशमन विभाग, आणि पेसो. परवाना देणारं ऑफिस म्हणजे शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तालय, आणि निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवला, मालेगाव असं ग्रामीण असेल तर सीबीएसजवळचं कलेक्टर ऑफिस. अग्निशमनचं मुख्य केंद्र शिंगाडा तलावाला आहे, त्यांची ना हरकत होती का हे तेच सांगू शकतात. पेसोचं मुख्यालय नागपूरला, त्यांना ऑनलाइन सीपीग्रॅम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरून तक्रार जाते. आवाजाचा आणि बंदी असलेल्या रसायनाचा मुद्दा असेल तर सातपूरला उद्योग भवनात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक ऑफिस आहे, त्यांना पाचवी प्रत.

अर्ज लांबवू नका, एक पान. साधारण असा :

"विषय : गाळा क्र. अमुक, अमुक अपार्टमेंट, येथे फटाक्यांचा विनापरवाना साठा असल्याबाबत. महोदय, वरील ठिकाणी दिनांक अमुक रोजी रात्री अमुक वाजता वाहन क्र. अमुक मधून फटाक्यांची खोकी उतरवण्यात आली. गाळ्याच्या वरच्या मजल्यांवर कुटुंबे राहतात. सदर जागेस स्फोटके नियम २००८ अन्वये परवाना आहे का, असल्यास तो किती किलोचा व कोणत्या तारखेपर्यंत आहे, याची तपासणी करून विनापरवाना आढळल्यास स्फोटके कायदा १८८४ चे कलम ९ब व भारतीय न्याय संहितेचे कलम २८८ अन्वये गुन्हा नोंदवावा, माल पंचनामा करून ताब्यात घ्यावा व केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी. सोबत फोटो."

बघा, यात कुणावर आरोप नाही. तुम्ही तपासणी मागताय. परवाना निघालाच तर तुमच्यावर बदनामीचा दावा करायला समोरच्याकडे काही राहत नाही, आणि नाही निघाला तर पुढचं काम पोलिसांचं. प्रत्येक ठिकाणी आवक विभागात जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. ठाणे अंमलदार म्हणतील साहेब राउंडला गेलेत, उद्या या. तुम्ही म्हणायचं, साहेबांना भेटायचं नाहीये, फक्त आवक करून द्या. तरीही घेतला नाही तर तिथेच वाद घालू नका, पोस्टात जाऊन त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा, पावती जपून ठेवा.

नाव उघड होईल म्हणून लोक घाबरतात आणि ती भीती खरी आहे, शेजारी राहायचं असतं शेवटी. साक्ष अधिनियमाच्या कलम १३१ नुसार गुन्ह्याची माहिती कुणाकडून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, त्यामुळे नुसती खबर द्यायची असेल तर तसं स्पष्ट सांगा. पण एफआयआरचे फिर्यादी झालात तर नाव येणारच. त्यावर उपाय म्हणजे सोसायटीचा ठराव करून चेअरमन-सेक्रेटरीच्या सहीने अर्ज द्यायचा, एकट्याचं नाव पुढे येत नाही आणि वजनही वाढतं. गाळामालकालाही सोसायटीने लेखी कळवावं, कारण भाडेकरूने काय ठेवलंय हे माहीतच नव्हतं असं मालक नंतर म्हणतो.

कारवाई झाली नाही तर

पोलिसांनी गुन्हा नोंदवायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना पोस्टाने लेखी पाठवायचं, ग्रामीणला एसपी, शहरात त्या परिमंडळाचे डीसीपी. तिथेही हलले नाहीत तर कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे शपथपत्रासह अर्ज, आणि आधीच्या दोन्ही पायऱ्यांच्या पोचपावत्या जोडल्या नाहीत तर तो अर्ज टिकत नाही, म्हणूनच मघापासून शिक्का शिक्का करतोय. गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

एक रस्ता लोकांना फारसा माहीत नसतो. त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जुन्या सीआरपीसीचं १३३. पेट घेईल किंवा स्फोट होईल असा पदार्थ ठेवण्यावर प्रांत किंवा इतर कार्यकारी दंडाधिकारी थेट सशर्त आदेश काढून ती जागा रिकामी करायला लावू शकतात. इथे गुन्हा सिद्ध व्हायची वाट बघावी लागत नाही, आणि गुन्हा दाखल करण्यापेक्षा साठा वस्तीतून बाहेर जाणं तुम्हाला महत्त्वाचं वाटत असेल तर माझ्या मते हेच कलम आधी वापरावं.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत, एकच विषय. त्यात विचारायचं : या वर्षी अमुक हद्दीत दिलेल्या फटाका परवान्यांची यादी, प्रत्येकाचा पत्ता, मंजूर वजन, मुदत, आणि जागेच्या तपासणी अहवालाची प्रत. का दिला, योग्य आहे का, असले प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही, कागद मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तास, तसं कलम ७(१) लिहून कारण द्या. चुकीच्या ऑफिसला गेला तरी कलम ६(३) नुसार पाच दिवसांत त्यांनी पुढे पाठवायचा असतो. नाही आलं तर पहिलं अपील, मग माहिती आयोगाचं खंडपीठ नाशिकलाच आहे. आता गणित करा, ३० दिवस लागणार असतील तर अर्ज गणपतीतच जायला पाहिजे, लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात टाकून उपयोग शून्य. यादी हातात आली की सोपं आहे, जे दुकान यादीत नाही त्याची तपासणी आधी मागा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना उत्पन्नाची अट नाही, फुकट वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. मोठ्या प्रमाणावर बेरियमचा माल चाललाय आणि प्रदूषण मंडळ काही करत नाही असं असेल तर पर्यावरण कायद्याखाली पुण्याच्या हरित लवादाकडे जाता येतं, पण परवान्याचा वाद तिथे नेऊ नका, ते त्यांचं काम नाही.

एक मनापासून सांगतो. चौकात खाटेवर फुलबाज्या आणि आपटबार मांडून बसलेल्या पोराला पकडून देण्यात कायद्याची ताकद घालवू नका. रस्त्यावर विकणं चूकच आहे, पण त्याचा माल जप्त झाला की त्याची दिवाळी गेली आणि माल पुरवणारा गोडाऊनवाला दुसरा पोरगा बसवतो. त्या पोराला माल कुठून येतो, टेम्पो कुठल्या गाळ्यातून निघतो, तिथे तक्रारीचं टोक ठेवा. आणि हा धंदा दिवाळीपुरता नाही, लग्नसराईच्या वराती, मिरवणुका, थर्टीफर्स्ट, वर्षभर चालतो. त्यात २०२७ चा सिंहस्थ येतोय, पंचवटीत आणि त्र्यंबकला पाय ठेवायला जागा नसणार, तेव्हा वस्तीतला एक साठा पण परवडणार नाही.

छापा पडला, पंचनामा झाला, पेपरला फोटो आला की लोक विषय सोडून देतात. तिथे एक शेवटचा अर्ज टाका आणि तीन गोष्टी विचारा : जप्त मुद्देमाल कुठे ठेवलाय आणि तो नष्ट करायला पेसोला कळवलंय का, कारण पोत्यातले फटाके पोलीस स्टेशनच्या आवारात पडून राहणं म्हणजे धोक्याची फक्त जागा बदलली, दुसरं म्हणजे संबंधिताचा दुसरीकडे कुठे परवाना असेल तर कलम ६ई खाली कारवाई सुरू केली का, आणि तिसरं आरोपपत्र कधी दाखल झालं आणि कोर्टाचा केस नंबर काय. केस नंबर मिळाला की ई-कोर्ट्स अॅपवर तारखा घरबसल्या दिसतात, त्या बघत राहा आणि पुढच्या वर्षीच्या परवाना अर्जांच्या वेळी त्याच नंबरचा उल्लेख करून लेखी हरकत द्या.